करडू खच्ची केल्यानंतरचे २१ दिवस: सूज, जखम आणि धनुर्वात

बोकड खच्ची करायला पाच मिनिटं पुरतात. चिमटा कुठं लावायचा, किती वेळ दाबून धरायचा हे सांगणारी माणसं गावोगाव आहेत. पण करडू दगावतं ते त्या पाच मिनिटांत क्वचितच. दगावतं ते पुढच्या तीन आठवड्यांत, आणि पुष्कळदा अशा दिवशी, जेव्हा जखमेकडं बघायचं कुणाच्या मनातही नसतं. सोलापूर जिल्ह्यात, सांगोला, मंगळवेढा, करमाळ्याकडं नेहमीचं चित्र आहे: दवाखान्यातून करडू आणलं, डाल्याखाली सोडलं, "काय होतंय त्याला, दोन दिसांत उड्या मारंल" म्हटलं आणि सगळे आपापल्या कामाला लागले. बाराव्या दिवशी करडू ताठ होऊन पडलं की मग पान लागलं (साप चावला) असंल, काहीतरी विषारी खाल्लं असंल, नजर लागली असंल, अशी कारणं निघतात. खपली धरून वाळलेल्या जखमेशी त्या मरणाचा संबंध कुणी जोडत नाही.

तो संबंध जोडता यावा आणि वेळेत हात चालावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

हत्यार लावायच्या महिनाभर आधी

सगळ्यात मोठा धोका धनुर्वाताचा, आणि त्याचा बंदोबस्त खच्चीकरणाच्या दिवशी होत नाही. टीटीची, म्हणजे धनुर्वाताच्या लसीची सुई टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. करडाला आधी कधीच लस मिळाली नसेल, तर त्याच दिवशी दिलेली टीटी वेळेवर कामाला येत नाही.

खरी सुरुवात आईपासून होते. शेळी पाच महिने गाभण असते. पहिल्यांदा लस देत असाल तर गाभणपणाच्या शेवटच्या दोन महिन्यांत, चार आठवड्यांच्या अंतरानं टीटीचे दोन डोस द्यायचे. दुसरा डोस व्यायच्या साधारण महिनाभर आधी पडला पाहिजे. पुढच्या प्रत्येक वेताला एकच डोस पुरतो. ही शक्ती करडाला चिकातून मिळते, म्हणून जन्मल्यावर पहिल्या तासाभरात चीक पोटात गेलाच पाहिजे. आईकडून आलेलं हे संरक्षण दोन-तीन महिन्यांत ओसरतं. म्हणून करडू सहा ते आठ आठवड्यांचं झालं की त्याला स्वतःचा पहिला डोस, तीन-चार आठवड्यांनी दुसरा, आणि दुसऱ्या डोसानंतर दहा-पंधरा दिवसांनी खच्चीकरण. हा हिशोब धरला तर करडू तीन महिन्यांच्या आसपास येतं, आणि चिमट्यासाठी ते वय चांगलं. मूत्रनलिकेची वाढ नराच्या संप्रेरकावर अवलंबून असते. फार कोवळ्या वयात खच्ची केलं तर ती अरुंद राहते आणि पुढं मुतखड्याचा त्रास होऊ शकतो. मात्र तीन-चार महिन्यांचे नर अंगावर चढू लागतात आणि एखादी पाट, म्हणजे तरुण शेळी, त्यांच्यापासून गाभण राहू शकते, म्हणून तोवर नर आणि पाटी वेगळ्या ठेवा.

लसीचा पत्ता नाही आणि थांबणंही शक्य नाही, असं झालं तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. ते त्याच दिवशी एटीएस, म्हणजे तयार प्रतिविष टोचतात. ते लगेच काम करतं आणि दोन-तीन आठवडे टिकतं. सोबत टीटी द्यायची झाली तर ती दुसऱ्या जागी, दुसऱ्या सिरिंजनं. आणखी एक गैरसमज इथंच काढून टाकतो: पावसाळ्याआधी देतो ती आंत्रविषाराची लस धनुर्वातावर चालेल असं धरून बसू नका. बाटलीवर धनुर्वाताचं नाव छापलेलं नसेल तर ते संरक्षण मिळालेलं नाही.

हंगामही निवडावा लागतो. आपल्याकडं नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरचा काळ उत्तम. हवा कोरडी, माशा कमी, जमीन वाळलेली. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मलेली करडं याच काळात तीन महिन्यांची होतात, हे सोयीचंच आहे. उन्हाळ्यात करावंच लागलं तर पहाटे करा, कारण एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि वेदनेत असलेलं करडू उन्हाचा ताण सोसू शकत नाही. पावसाळ्यात, त्यातही सप्टेंबरात, चिरून खच्ची करू नका. काळी माती पायाला, पोटाला, जखमेला चिकटते आणि माशांचा सुळसुळाट असतो. पावसाळ्यात चिमट्याशिवाय पर्याय नाही, असंच मी म्हणेन.

त्या दिवशी सकाळी करडाला पकडून अंडांची पिशवी हातानं चाचपा. दोन्ही अंडं खाली उतरलेली आहेत का? एखादी बाजू मऊ, फुगलेली आहे का, आणि दाबल्यावर आत सरकते का? सरकत असेल तर तो हर्निया असू शकतो, आणि पिशवी चिरली तर आतडं बाहेर येईल. असं करडू डॉक्टरांनी वेगळं हाताळायचं असतं. दूध तोडणं, बाजारात नेणं, गोठा बदलणं, यातलं काहीही खच्चीकरणाच्या आठवड्यात करू नका. आणि कळपातलं सगळ्यात ठेवणीचं, जुळ्यात जन्मलेलं, दूधवाल्या शेळीचं उस्मानाबादी करडू खच्ची करण्याआधी दोनदा विचार करा. पैदाशीचा चांगला नर शोधायला मग वणवण करावी लागते.

पद्धत कोणती, त्यावर जखम कशी दिसणार ते ठरतं

चिमट्यात, ज्याला बर्डिझो म्हणतात, कातडी फुटत नाही. अंडाकडं जाणारी आतली दोरी आणि रक्तवाहिन्या चेपल्या जातात. म्हणून वरून रक्त नाही, पण सूज येते. काही तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, आणि आठवडा ते दोन आठवड्यांत उतरते. अंडं हळूहळू आक्रसत जातात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्या भागात माझी पसंती यालाच आहे.

चिरून केलं तर पिशवीचं खालचं टोक कापून अंडं काढलेली असतात. ते भोक मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. त्याला टाके घालायचे नसतात, पट्टी बांधायची नसते. आतलं पाणी खाली गळून जावं यासाठीच ते असतं. दोन-तीन आठवड्यांत जखम आतून भरून येते.

रबरी रिंगेत रक्तपुरवठा तुटून पिशवी वाळते आणि तीन-चार आठवड्यांत गळून पडते. सोपी दिसते, पण रिंगेखालच्या ओल्या खाचेत हवा पोचत नाही, आणि धनुर्वाताच्या जंतूला नेमकी अशीच जागा लागते. टीटी पूर्ण नसेल तर रिंग लावूच नये.

दगडानं किंवा लाकडानं ठेचणं पूर्णपणे बंद करा. त्यात करडाला असह्य वेदना होतात, कातडी फाटते, आत रक्त साकळतं, आणि एवढं करूनही दोरी तुटल्याची खात्री नसते.

पहिले २४ तास

वेदनाशामक शक्यतो आधीच द्यावं, म्हणजे चिमटा बसेपर्यंत औषध रक्तात मिसळलेलं असतं. शेळ्यांसाठी डॉक्टर बहुधा मेलॉक्सिकॅम वापरतात. घरातली माणसांची गोळी चुरून पाजू नका. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात. जागा बधिर करायचं इंजेक्शनही डॉक्टरांवर सोडा. शेळीला त्याची मात्रा चटकन जास्त होते, आणि आठ-दहा किलोच्या करडात तर चुकीला जागाच नसते.

जागा आधीच तयार ठेवा. मुरमाची जमीन असेल तर झाडून, दोन दिवस आधी चुना भुरभुरून पुन्हा झाडून घ्या. वर कोरडा कडबा किंवा पाचट, आणि ते रोज बदला. घोडा, गाढव बांधलेल्या जागेजवळ करडू ठेवू नका. घोड्याच्या लिदीत आणि ती मिसळलेल्या मातीत धनुर्वाताचे जंतू जास्त असतात. उकिरड्याचा शेजार तर नकोच. करडू आईजवळच राहू द्या. दूध पिणं हीच त्याच्या तब्येतीची पहिली खूण आहे.

पहिले दोन-तीन तास करडू बेचैन असतं. मागं वळून बघतं, पाय आपटतं, बसतं-उठतं. संध्याकाळपर्यंत त्यानं दूध प्यायलाच हवं. रात्रीपर्यंत तोंड लावलं नाही, ओठ दुमडून, पाय ताणून पडून राहिलं तर वाट बघू नका.

तीन गोष्टी याच दिवशी बघायच्या असतात.

लघवी. बारा तासांत करडानं नीट धार सोडलेली तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली पाहिजे. चिमटा फार वर किंवा फार आत बसला तर मूत्रनलिका चेपली जाते. मग लघवी होत नाही आणि पोटाखाली सूज पसरते. ही सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नाही.

रक्त. चिरलेल्या जखमेतून काही तास थेंब थेंब पडणं चालतं. थेंब मोजता येईनात, धार लागली, तर उकळून वाळवलेलं फडकं घडी करून दहा मिनिटं दाबून धरा आणि मधे उचलून बघू नका. पापणीची आतली बाजू पांढरट पडली, पाय गार लागले तर रक्त बरंच गेलंय. चिमट्यात रक्त बाहेर दिसत नाही, पण पिशवी तासाभरात ताणून गच्च झाली तर आत रक्त साकळतंय असं समजा.

आणि जखमेतून लोंबणारं काही. पांढरट दोरा किंवा पडदा दिसला तर ओढू नका, कापूही नका. ते आतड्यावरचं आवरण असू शकतं, आतडंही असू शकतं. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळा, करडू उताणं धरा आणि दवाखान्याकडं निघा. सरकारी फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, तो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

रोज दोनदा हात लावून बघायचं

लांबून बघून काही कळत नाही. उस्मानाबादी करडं बहुतेक काळी, आणि काळ्या केसांत रक्त, पू, ओल काहीच दिसत नाही. सकाळ-संध्याकाळ करडू मांडीत घेऊन, बॅटरीच्या उजेडात, हात धुऊन चाचपायचं. दोन मिनिटांचं काम आहे, पण पूर्ण २१ दिवस करायचं.

बोटांनी उष्णता बघा: पिशवी मांडीच्या कातडीपेक्षा थोडी गरम असणार, चटका लागेल इतकी नको. आणि गार तर मुळीच नको, रिंगेचा अपवाद सोडून. सूज कालच्यापेक्षा वाढली की उतरली? दाबल्यावर करडू किती ओरडतं? मग नाक जवळ न्या. चांगल्या जखमेला फारसा वास येत नाही. कुजका, गोडसर वास आला की काहीतरी बिघडलंय. शेवटी ताप. शेळीचं तापमान १०१.५ ते १०३.५ फॅरनहाइट असतं. दुपारच्या उन्हात ते आपसूक वाढतं, म्हणून सकाळीच थर्मामीटर लावा. सकाळी १०४ च्या वर असेल तर डॉक्टर.

चिरलेल्या जखमेला रोजची धुलाई लागते का? माझं मत, कमीत कमी. पहिल्या दिवशी रक्त सुकलेलं असेल ते पुसून घ्या, कारण माश्या त्यावरच येतात. नंतर माती, लेंडी लागली तरच धुवा. एक लिटर पाणी उकळून त्यात चहाचा दीड चमचा सपाट मीठ घाला, कोमट झाल्यावर तेच वापरा. पोव्हिडोन आयोडीन लावायचं तर पाणी घालून फिकट चहाच्या रंगाचं करून. सारखं खरडून, चोळून नवीन कोवळं मांस निघून जातं आणि जखम लांबते. हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तसंच: पू झाला असेल तर एखाद्या वेळी ठीक, रोज नाही.

राख, शेण, चुना, तंबाखू, जळकं ऑइल, फिनेल यातलं काहीही जखमेत घालू नका. राखेत-शेणात धनुर्वाताचे जंतू असू शकतात, बाकीच्यानं मांस जळतं. हळदीबद्दल सगळे विचारतात. हळद आजूबाजूच्या कातडीवर तेलात कालवून लावली तर हरकत नाही. उघड्या भोकात भरली तर तिचा थर धरतो आणि खाली गळणारं पाणी आत अडकतं. माश्या हाकायला जखमेभोवती, जखमेत नव्हे, कडुलिंबाचं किंवा करंजाचं तेल लावा. दवाखान्यात मिळणारा माशीरोधक स्प्रे त्याहून बरा.

दुसऱ्या दिवसापासून करडाला सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटं चालवा. चालण्यानं सूज उतरते आणि चिरलेल्या पिशवीतलं पाणी निघून जातं. पण रानात लांब सोडू नका. पावसाळा सरल्यावर माळावर कुसळी गवत पिकलेलं असतं, आणि कुसळ एकदा जखमेत शिरलं की आत आत जात राहतं. बाहेरून सगळं भरल्यासारखं दिसतं आणि तीन आठवड्यांनी गळू फुगतं. वेड्या बाभळीच्या काट्यांचंही तेच.

बिघडलं तर

*भोक लवकर बुजणं.* चिरलेल्या करडांत सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. चौथ्या-पाचव्या दिवशी करडू मागचे पाय फाकवून चालतं, पिशवी पुन्हा फुगलेली, भोकावर खपली. पाणी आत साठलेलं असतं. खपली कोमट मिठाच्या पाण्याच्या फडक्यानं मऊ करा, ती आपोआप सुटली आणि पिवळसर-लाल पाणी वाहिलं तर सुटका झाली. नाही सुटली, किंवा पाण्याऐवजी घट्ट पू आला, तर डॉक्टर हातमोजे घालून भोक मोकळं करतील आणि अँटिबायोटिक देतील. घरी सुई, ब्लेड लावायच्या भानगडीत पडू नका, आणि दाबून पू काढू नका. दाबल्यानं तो वर पोटाकडं सरकतो.

*पिशवी काळी-निळी आणि गार पडणं.* चिमटा दोन्ही बाजूंना एकाच ओळीत, मधली पट्टी न सोडता मारला की खालच्या कातडीचा रक्तपुरवठाच तुटतो. चिमट्याच्या खुणा दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या, थोड्या वर-खाली आणि मधे न चेपलेली कातडी सोडून असायला हव्यात. करडू घरी आणल्यावर त्या एकदा बघून ठेवा. खालची कातडी तिसऱ्या-चौथ्या दिवशी गार, बधिर, ओलसर आणि वास मारणारी झाली तर ती सडतेय. हे औषध लावून परत येत नाही, डॉक्टरांनाच ती काढावी लागते.

*किडे पडणं.* ओल्या जखमेवर माशी बसते, पांढरट बारीक अंड्यांचे पुंजके घालते आणि एका दिवसात अळ्या निघतात. करडू शेपटी सारखी हलवतं, पाय आपटतं, मागं तोंड नेऊन चावायला बघतं, कळपापासून बाजूला उभं राहतं. जखमेतून तांबूस पातळ पाणी येतं आणि वास येतो. आजूबाजूचे केस कातरा. टर्पेंटाइनमध्ये भिजवून पिळलेला कापसाचा बोळा जखमेच्या तोंडाशी दहा-पंधरा मिनिटं धरा. अळ्या गुदमरून वर येतात. बोथट चिमट्यानं एकेक काढा, मिठाच्या पाण्यानं धुवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा, कारण आत राहिलेल्या छोट्या अळ्या तोवर मोठ्या झालेल्या असतात. अळ्या खोल गेल्या असतील तर डॉक्टर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात. ते वजनावर मोजायचं औषध आहे. एक टक्क्याचं औषध ५० किलोला एक मिली, म्हणजे दहा किलोच्या करडाला जेमतेम ०.२ मिली लागतं. अंदाजे टोचायचं हे औषधच नाही.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. आपल्याकडं डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा आहेत, म्हणून घराघरात फवारणीची औषधं असतात. "किडीचं औषध हाय, किड्यावर चालंल" म्हणून ती जखमेत ओतली जातात. ओल्या मांसातून ते विष थेट रक्तात जातं. तोंडाला फेस येतो, अंग थरथरतं आणि करडू जातं. डांबरगोळीची पूड, पेट्रोल, रॉकेलही नको. सीताफळाच्या पाल्याचा लेप जुनी माणसं लावतात. वापरायचा तर जखमेच्या बाहेर, आणि बियांची पूड तर हाताळूच नका, डोळ्यात गेली तर डोळा जायची पाळी येते.

*रिंगेखाली चिघळणं.* खाच कोरडी ठेवा, आयोडीन लावा, आणि वाळत आलेली पिशवी ओढून तोडू नका. पाच आठवड्यांनंतरही लटकत असेल, किंवा पिशवीऐवजी रिंगेच्या वरचा भाग सुजत असेल, तर दाखवा. रिंग लावल्यानंतर लगेच दोन्ही अंडं खाली आहेत का हे मोजलं नसेल, तर एक वर निसटून अडकलेलं असू शकतं.

धनुर्वात

जखम झाल्यापासून तीन दिवस ते तीन आठवडे, जास्त करून दुसऱ्या आठवड्यात किंवा त्यानंतर. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा सूज उतरलेली असते, खपली वाळलेली असते आणि करडू खेळायला लागलेलं असतं. २१ दिवसांचा आग्रह त्यासाठीच आहे.

सुरुवात अगदी साधी असते. करडू चालताना मागचे पाय वाकवत नाही. वळताना सगळं अंग एकदम वळवतं. कान ताठ, शेपटी थोडी उचललेली. दूध प्यायला जातं पण आचळ तोंडात नीट धरता येत नाही. पोट फुगलेलं वाटतं. याच वेळी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढरा पडदा अर्ध्या बुबुळावर आलेला दिसला, किंवा जवळ टाळी वाजवल्यावर करडू दचकून आणखी ताठरलं, तर दुसरं कारण शोधत बसू नका. पुढं जबडा घट्ट बसतो, चारी पाय फाकवून उभं राहतं, मग आडवं पडतं, मान मागं ओढली जाते, आणि श्वासाचे स्नायू आखडले की संपतं.

जबडा उघडा असताना दवाखान्यात पोचलं तर आशा असते, पण तीही थोडीच. डॉक्टर जखम उघडून साफ करतात, पेनिसिलिन, प्रतिविष आणि स्नायू सैल करणारं औषध देतात. तुमचं काम उरतं सांभाळायचं: करडू अंधाऱ्या, शांत खोलीत, जाड अंथरुणावर ठेवा. टीव्ही, ट्रॅक्टर, लहान मुलं, कुत्री सगळं दूर. दर तीन-चार तासांनी कूस बदला. तोंडात जबरदस्तीनं दूध ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. नळीनं पाजायचं की नाही हे डॉक्टर ठरवतील. आणि त्याच दिवशी खच्ची केलेल्या बाकीच्या करडांबद्दलही डॉक्टरांना विचारा. हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही, पण सगळ्यांना जखम एकाच जमिनीवर झालेली असते.

दीड महिन्यानंतरची तपासणी

चिमट्यानं केलेलं करडू सहा आठवड्यांनी पुन्हा मांडीत घ्या. दोन्ही बाजूंना अंडाच्या जागी बोटाच्या पेराएवढी लहान, कडक गाठ हाताला लागली पाहिजे. एक बाजू अजून भरलेली, लवचीक असेल तर त्या बाजूची दोरी चिमट्यातून निसटली होती. असा बोकड खच्ची समजून पाटींत सोडला तर नको त्या पाटी गाभण राहतात. त्या बाजूला पुन्हा चिमटा मारावा लागेल, आणि पुन्हा तेच २१ दिवस. दोन्ही बाजू नीट आक्रसल्या असल्या तरी सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत नर पाटींपासून लांबच ठेवा, कारण आधी तयार झालेलं वीर्य काही काळ शिल्लक असतं.

महिना-दोन महिन्यांनी पिशवीच्या जागी कडक गाठ येऊन तिच्यातून थोडा थोडा पू झिरपत राहिला, तर आत राहिलेल्या दोरीच्या टोकाला संसर्ग झालेला असतो. मलम लावून महिने घालवू नका. ते टोक शस्त्रक्रियेनं काढलं की जखम भरते.

खुराक वाढवताना

जखम भरली की ईदच्या बाजारासाठी बोकड तयार करायची घाई सुरू होते. खस्सी बोकड कुर्बानीला चालतो आणि त्याला गिऱ्हाईकही असतं. काही जण मात्र अंडुलच, म्हणजे खच्ची न केलेला बोकडच मागतात, ते गिऱ्हाईक कोण हे खच्ची करण्याआधीच ठरवायला हवं. या घाईत मका, गहू आणि गव्हाचा कोंडा एकदम वाढवला जातो. धान्यात आणि कोंड्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त, कॅल्शियम कमी. खच्ची केलेल्या नराच्या अरुंद मूत्रनलिकेत त्याचे खडे अडकतात. खुराकात कॅल्शियम स्फुरदाच्या दुप्पट असावं, म्हणून धान्य हळूहळू वाढवा, शेवरी, सुबाभूळ, तुरीचं भुसकट असा चारा भरपूर ठेवा, खनिज मिश्रण आणि मीठ द्या. मिठानं पाणी जास्त प्यायलं जातं, म्हणून स्वच्छ पाणी दिवसभर पुढ्यात असू द्या. हिवाळ्यात गार पाणी बोकड कमी पितात, तेव्हा कोमट करून द्या.

बोकड कुंथतोय, दात खातोय, पोटाखालच्या केसांवर खड्यांची रेव चिकटलीय, लघवी थेंब थेंब होतेय, हे दिसलं तर बद्धकोष्ठ समजून तेल पाजत बसू नका. मूत्राशय फुटायच्या आत, म्हणजे त्याच दिवशी, दवाखाना गाठायचा असतो.

आणि मधल्या काळात अँटिबायोटिक किंवा आयव्हरमेक्टिन दिलं असेल तर तारीख आणि औषधाचं नाव गोठ्याच्या वहीत लिहून ठेवा. प्रत्येक औषधाला मांसासाठीची थांबायची मुदत असते. ती डॉक्टरांना विचारून त्या नोंदीसमोरच लिहा, आणि मुदत संपेपर्यंत ते करडू विकू नका.